मुठीतला सातवा खडा

या, पाळकसाहेब. सलाम. तिथं नका बसू, त्या बाजेचं सुंभ एका अंगानं तुटलंय, तुमच्यासारखा भरलेला माणूस थेट खाली जायचा. इकडं या, माझ्या उजव्या हाताला. डावा कान सुरुंगानं नेला. तिकडून बोललात तर मला नुसते तुमचे ओठ हललेले दिसतील आन् मी उगाच व्हय व्हय म्हणत बसेन.

तुम्ही कशाला आलात ते मला ठाऊक आहे. आबनेरनं सांगितलं असंल. रविवारी उपासनेत सिलास मकासरेनं उठून साक्ष द्यावी, देवानं त्याच्या हातून आबनेर ओहोळचा जीव कसा वाचवला ते सगळ्यांना सांगावं. बरोबर? तुमच्या आधीचे तीन पाळक ह्याच कामासाठी ह्याच ओट्यावर बसून गेले. तिघांना मी चहा पाजला आन् वाटेला लावलं.

तुम्हाला नाय लावत. तुम्हाला सांगतो. का, ते शेवटी कळंल. आबनेर सांगतो ती गोष्ट खोटी नाय, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी माझ्यापाशी पडून आहे, पन्नास वर्षं झाली. ती आज ऐका. फक्त मध्ये बोलू नका, आन् मध्येच डोळे मिटून प्रार्थना पण सुरू करू नका. आधीच्या पाळकांना ती खोड होती.

मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. नगरकडं जिकडंतिकडं विहिरी खोदायचं काम चालू होतं. मी आन् आबनेर सुरुंगाच्या कामावर. आमची जोडी चार वर्षांची. तो खाली उतरून खडकात भोकं पाडायचा, दारूच्या कांड्या भरायचा, वाती लावायचा. मी वर यारीवर. यारी तुम्ही पाहिली नसंल आता. विहिरीच्या काठावर लोखंडी घोडा असायचा, त्याला दोर, दोराला मोठी बादली. दांडा फिरवला की माणूस बादलीतून खाली जायचा, उलटा फिरवला की वर. म्हंजी खालच्याचा जीव वरच्याच्या मनगटात. मिस्त्री म्हणायचा, सुरुंगाची जोडी नवराबायकोसारखी असती, भांडा, पण मोडू नका.

तर आम्ही भांडलो होतो. म्हंजी मी भांडलो होतो. त्याच्या गावीही नव्हतं.

झालं असं. माझी बहीण हन्ना. तिचं लग्न ठरलं, जालन्याकडचं स्थळ, पोरगा दवाखान्यात कंपाउंडर. आपल्यात लग्नाआधी तीन रविवार देवळात पुकार होती. पाळक दोघांची नावं वाचतात आन् विचारतात, ह्या लग्नाला कुणाची काही हरकत असंल, कुणाला काही ठाऊक असंल तर आत्ताच बोला. आता मला सांगा, ह्याला कुणी उत्तर देतं का? लोक खोकतात, बाया पोरांना दामटतात, पाळक पुढचं गीत सांगतात. पहिला रविवार तसाच गेला. दुसरा गेला. तिसऱ्या रविवारी नवऱ्याकडची माणसं मुद्दाम आली होती, पुढच्या सतरंजीवर बसली होती. पाळकांनी विचारलं. आन् मागून आबनेर उठला.

"मला एक ठाऊक आहे," तो म्हणला. "ही सहा वर्षांची असताना फेफरं येऊन पडली होती. ओढ्यापाशी. मी बघितलंय. तुम्ही विचारलं म्हणून सांगतो."

एवढं बोलून खाली बसला. जसं काय कुणी वेळ विचारली आन् ह्यानं सांगितली.

अहो, तापात पडली होती ती! अंगात ताप भरलेला, उन्हाची बकऱ्यांमागं गेली, पडली. परत कधी नाय. पण फेफरं हा शब्द देवळात पडला तो पडला. पुढच्या सतरंजीवरची माणसं एकेक करून उठली. हन्ना माझ्या बायकोशेजारी बसली होती, हातात गीताचं पुस्तक. तिनं ते मिटलं नाय, पानही उलटलं नाय. लग्न मोडलं.

बाहेर आल्यावर मी आबनेरची गचांडी धरली. तो म्हणला, "सिल्या, देवाच्या घरात विचारलं रे. मग गप्प कसं बसायचं?"

असला माणूस. त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. पण मला तवा तसं दिसलं नाय. त्याच्या धाकट्या भावासाठी हन्नाला मागणी आली होती आन् आम्ही नाही म्हणलं होतं. मी दोन्ही धागे घेतले आन् गाठ मारली. म्हणलं, सूड घेतला ह्यानं.

दुसऱ्या दिवशी परत दोघं कामावर. तो बादलीत, मी दांड्यावर. दांड्याला एक लोखंडी खुटी असती, ती अडकवली की बादली जाग्याला थांबती. त्या खुटीकडं माझं लक्ष गेलं आन् मनात आलं, ही निसटली तर? नुसती निसटली तर?

अंगावर काटा आला. मी थुंकलो बाजूला. म्हणलं, प्रभू, हे काय आणलंस माझ्या डोक्यात! पहिल्या दिवशी मी असा भला माणूस होतो, पाळकसाहेब.

तिसऱ्या दिवशी तो विचार परत आला, तवा मी थुंकलो नाय. म्हणलं, येऊन बसला तर बसू दे, मी कुठं काय करतोय? आठवड्यानं मीच त्याची वाट बघायला लागलो. तंबाखूसारखं झालं. सकाळी दांड्याला हात लागला की तो विचार गालात धरायचा आन् दिवसभर चघळायचा. हा पडला तर कोण रडंल. पाळक काय बोलतील. त्याच्या पेटीला खांदा देताना माझं तोंड कसं असावं, तेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं. आन् वरून बघाल तर शिवी नाय, भांडण नाय. रविवारी देवळात माझा आवाज सगळ्यांत मोठा.

एक रीत सांगायची राहिली. आमच्या जोडीची रीत होती. खाली जाणाऱ्याचं डोकं काठाखाली गेलं की मी खुटी अडकवायची, बादली थांबवायची आन् मोठ्यानं म्हणायचं, "प्रभू, हा खाली जातोय, ह्याला सांभाळून वर आण." मग आतून आबनेरनं आमेन म्हणायचं. आमेन आल्याबिगर दोर सोडायचा नाय. भांडणानंतर मी ते दाताखालीच पुटपुटायला लागलो. तो मात्र आमेन असं ठोकायचा की विहीर घुमायची. त्याचाही मला राग.

आन् दुसरी रीत खड्यांची. ती नीट ध्यानात घ्या. जेवढे बार भरले तेवढे खडे वरच्यानं मुठीत घ्यायचे. एक बार उडाला, एक खडा टाकायचा. खालून वर आलेला आपल्या बोटांवर वेगळं मोजतो. शेवटी दोघांचं जुळायला पाहिजे. मुठीत खडा राहिला म्हंजी एक बार उडायचा राहिलाय, दारू तशीच खडकात बसलीय. मग त्या दिवशी कुणी खाली उतरायचं नाय. उकरायचं तर अजिबात नाय. लांबून पाणी ओतायचं, रात्रभर भिजू द्यायचं.

आता तो दिवस. तीन आठवडे झाले होते लग्न मोडून. दुपारची वेळ, माणसं लिंबाखाली जेवायला गेलेली. आम्ही बार दुपारीच उडवायचो, म्हंजी विहिरीपाशी गर्दी नसायची. हन्ना भाकरी घेऊन आली. दोन फडकी होती.

"दादा, हे तुझं. आन् हे आबनेरभाऊंचं."

"त्याचं कशाला?"

"त्यांची बायको बाळंतपणाला गेलीय. सकाळपासून नुसत्या चहावर आहेत."

"राहू दे चहावर. तुझं लग्न खाल्लं त्यानं, तेवढ्यानं पोट भरलं नाय का?"

ती हसली नाय, चिडली पण नाय. फडकं यारीच्या पायाशी ठेवलं.

"लग्न माझं मोडलं दादा, आन् दात तू खातोस. मी सोडून दिलंय."

"असं सोडता येतं?"

"एकदाच नाय येत. सकाळी चूल पेटवताना परत आठवतं. परत सोडते. प्रभूला म्हणते, हे घे, आजचं." मग माझ्याकडं बघून म्हणली, "तू सोडलंस का?"

"मी काय केलंय त्याला? एक शब्द तरी बोललो का?"

"बोलला नाहीस. पण तुझ्या आत कुणीतरी येऊन बसलंय, आन् तू त्याला रोज जेवायला वाढतोस. तोंडावर दिसतं तुझ्या."

"जा घरी," मी म्हणलं. "वहिनीला म्हणावं, ह्या पोरीला उपदेश करायला देवळात उभी करा."

ती गेली. तेवढ्यात आबनेर खालून ओरडला, "सात भरले! पेटवतो!" मी सात खडे मुठीत घेतले. त्यानं वाती पेटवल्या, बादलीत चढला, मी झपाझप वर ओढला. दोघं पळत बांधाआड जाऊन बसलो.

धडाम. एक खडा टाकला. दुसरा. तिसरा. चौथा मोठा झाला, लांबला, त्यामागं एक घरघर आली. मी बांधावरून डोकं काढून बघत होतो. काठाची एक दरड आत कोसळली होती, तिची ती घरघर. मला दिसली. आबनेर खाली मान घालून बोटं मोजत होता, त्याला नाय दिसली. पाचवा. सहावा.

मग शांत.

मुठीत एक खडा राहिला होता.

"सात!" आबनेर उठून अंग झाडत म्हणला. "चौथा जोडबार होता. दोन एकदम उडाले. ऐकलंस ना?"

मी मूठ आवळली.

"मूठ रिकामी ना तुझी?"

मूठ उघडून दाखवायची असती, पाळकसाहेब. ती रीतच होती. पण चार वर्षांच्या जोडीत कोण दाखवतंय, कोण बघतंय? त्यानं नुसतं विचारलं. आन् मी मान हलवली.

एवढंच केलं मी. मान हलवली. तीन आठवडे मी खुटी निसटायची वाट बघत होतो. आन् इथं तर खुटीला हात लावायचंही काम नव्हतं. कुणी मला दोष दिला नसता. जोडबार वाटला, दोघांना वाटला. देवळात त्याला गप्प बसता आलं नव्हतं, इथं मला चांगलं बसता आलं.

"धूर निवू दे जरा," मी म्हणलं. हे पण मीच म्हणलं. आत दोन माणसं होती माझ्या.

"कसला धूर! ओल येतीय बघ नाकाला. झरा लागलाय, सिल्या. आधी बघून येतो, मग हन्नाची भाकर खातो. फडकं दिसलं मला, नाय म्हणू नको."

चढला बादलीत. मी दांडा धरला. उजव्या मुठीत खडा तसाच, तो दांडा आन् तळव्याच्या मधे रुतत होता. दोर सुटायला लागला. त्याचे गुडघे गेले, छाती गेली, टोपी गेली काठाखाली. मी सवयीनं खुटी अडकवली. हात आपोआप थांबले.

खालून आवाज आला, "म्हण की."

मी दांडा आणखी घट्ट धरला, खडा तळव्यात आणखी रुतला.

"अरे म्हण की गड्या! जीभ काय लिंबाखाली जेवायला गेली?"

"प्रभू," मी म्हणलं. "प्रभू, हा खाली जातोय..."

पुढचं येईना. तीन आठवडे रोज पुटपुटत होतो, तवा येत होतं. आज कुणापुढं उभा राहून बोलतोय ते एकदम कळलं. सांभाळ असं प्रभूला सांगू, आन् दोर मी सोडू? माझ्या मुठीत काय आहे ते त्याला दिसत नाय का?

आन् आबनेरला घाई. त्यानं अर्ध्यावरच आमेन ठोकला. विहीर घुमली. "आमेन! सोड आता!"

आता रीत पण पुरी झाली होती. मला अडवायला काही उरलं नव्हतं. तो जो माझ्या आत बसून जेवत होता ना, तो म्हणला, बघ, ह्यानंच आमेन म्हणलंय. मी खुटीला हात घातला.

काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाय. मी खुटी सोडली नाय. मी ओरडलो. लिंबाखालची माणसं उठून बसली एवढ्या मोठ्यानं ओरडलो, "ह्याला सांभाळून वर आण! वर आण! आमेन!" माझी प्रार्थना मीच पुरी केली आन् माझा आमेन मीच म्हणलो. हातांनी दांडा उलटा फिरवायला घेतला होता.

"अरे, वर कुठं घेतोस येड्या!"

"सहाच झालेत! सहाच! खडा राहिलाय!"

बाहेर ओढून काढला त्याला. मूठ उघडली. तळव्यात खडा, आन् खड्याखाली रक्त. आबनेरनं खड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी त्याला ढकललं, "पळ तिकडं!" आन् बादली काठाला बांधायला वाकलो. तेवढ्यात सातवा उडाला. वात कुठंतरी दबून हळू जळत होती. रिकामी बादली माझ्या डोळ्यांदेखत चेपली, आन् हा डावा कान तिथंच गेला. शिट्टी वाजल्यासारखी झाली, ती अजून वाजतीय.

आबनेर पळत आला. मला मिठी मारून रडायला लागला. काय बोलत होता ते उजव्या कानानं ऐकलं. "तू परत मोजलंस. देवानं तुला परत मोजायला लावलं." मला सांगायचं होतं. तोंड उघडलं होतं. पण माणसं जमली, मिस्त्री आला, कुणी पाणी आणलं, आन् सगळे म्हणायला लागले, सिलासनं वाचवला, सिलासनं वाचवला.

मी परत मान हलवली.

हन्नाचं पुढं चांगलं झालं, ते आधी सांगतो. दोन वर्षांनी एका शाळामास्तरनं मागणी घातली. तिसऱ्या रविवारी पुकार झाली, पाळकांनी हरकतीचं विचारलं, तर आख्खं देऊळ मागं वळून आबनेरकडं बघायला लागलं. आन् आबनेर उठला! माझ्या बायकोनं माझा हात असा दाबला. तो म्हणला, "मला काही हरकत नाय, एवढंच सांगायला उठलो. तिच्या हातची भाकर लई चांगली असती." पाळक हसले, मास्तर हसला. हन्ना तर तोंडाला पदर लावून बसली.

तवापासून आबनेर दर पुनरुत्थानाच्या रविवारी ती साक्ष देतो. लोक माझ्याकडं बघतात, मी माझ्या चपलांकडं.

आता तुम्ही म्हणाल, सिलासनाना, देवानं क्षमा केली नाय का? केली. त्याच संध्याकाळी केली, ह्याच ओट्यावर. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाय, तुम्ही समजूत घालू नका. त्या दिवसानं मला माणूस केलं. विचार अजून येतात. म्हातारा झालो म्हणून येत नाहीत असं समजू नका. मागच्या महिन्यात पाइपलाइनीवरून चुलतभावाशी वाजलं, तर संध्याकाळी एक विचार आलाच, आन् मला लगेच कळलं की हा तोच, कपडे तेवढे बदलून आलाय. पण आता मी त्याला उकरून बघत नाय, कुठनं आला, कसा दिसतो. पाणी ओततो. ज्याच्यावर राग आहे त्याचं नाव घेऊन प्रार्थना म्हणतो, मोठ्यानं, माझ्या उजव्या कानाला ऐकू जाईल अशी, आन् पुरी म्हणतो. अर्धीवर कुणीही आमेन म्हणतं. चुलतभावाला वाटतं म्हातारा बरळतोय. वाटू दे. पन्नास वर्षांत एकाही असल्या पाहुण्याला मी माझ्या घरात जेवू घातलं नाय.

देवाशी माझं सगळं मिटलंय. आबनेरशी नाय. त्याला अजून वाटतं, मी पहिल्यांदा चुकून मोजलं.

हा बघा. हा चुन्याच्या डबीत ठेवलाय. घ्या हातात, चावत नाय. हाच तो सातवा.

आबनेर गेल्या पावसाळ्यापासून थकलाय. काठी घेऊन चालतो, दम लागतो. मला वाटायचं, तो गेल्यावर सांगीन. मग वाटलं, तो गेल्यावर सांगणं म्हंजी पुन्हा गप्प बसणंच की. आन् एकट्यानं सांगायला गेलो तर तो रडंल, मी रडंन, आन् सांगायचं परत राहून जाईल. कुणीतरी शेजारी बसायला पाहिजे, ज्याला आधीच ठाऊक आहे. म्हणून तुम्हाला सांगितलं.

तो बघा, बोरीखाली बसलाय, शेळीला पाला घालतोय. माझा आवाज आता तिथवर जात नाय. तुमच्या छातीत दम आहे, पाळकसाहेब. जरा हाक मारा त्याला. म्हणा, आबनेरभाऊ, सिलासनं बोलावलंय. आन् तो येऊन बसला तरी उठू नका. माझं पुरं होईपर्यंत थांबा, आन् अर्ध्यावर आमेन तेवढं म्हणू नका.